ॲनिमेतल्या भावंडांची अदलाबदल : फॅन आर्ट काढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांतल्या, भावाची बहीण आणि बहिणीचा भाऊ करून काढायचा नाद सोलापुरातल्या पोरापोरींना चांगलाच लागला आहे. त्यातून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अवघड. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही, दुसरीकडे असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अदलाबदल म्हणजे नेमकं काय? भावाला साडी नेसवली की झालं का?

नाही, तो झाला वेश. अदलाबदलीत प्रश्न असा असतो, की हे पात्र जन्मापासूनच मुलगी असतं तर कसं दिसलं असतं, कसं उभं राहिलं असतं? स्वभाव, जखमा, हत्यार, घरातलं थोरलं-धाकटं नातं, सगळं तसंच ठेवायचं. सोलापुरी चादर उलटून बघा: रंगांची जागा बदलते, नक्षी तीच. इथे नक्षी म्हणजे ते पात्र. भावंडांच्या चित्रात भर एवढीच, की दोन पात्रं वेगवेगळी बरोबर येऊन भागत नाही, ती एकमेकांची सख्खी दिसली पाहिजेत. बहुतेक चित्रं फसतात ती इथेच.

२. दोघांनाही बदलायचं की एकालाच?

आधी हे ठरवा, मगच पेन्सिल उचला. ‘डेमन स्लेयर’मधला तांजिरो आणि त्याची धाकटी बहीण नेझुको दोघांनाही बदललं तर जोडी भाऊ-बहिणीचीच राहते, फक्त आता थोरली बहीण धाकट्या भावाला पाठीवरच्या पेटीत घालून हिंडते. एकट्या तांजिरोला बदललं तर दोघी बहिणी होतात आणि चित्राचा सूर बदलतो. ‘नारुतो’मधल्या सासुके-इताचीसारख्या भावाभावांत एकालाच बदललं तर नवंच भाऊ-बहिणीचं नातं तयार होतं. यात चूक काहीच नाही. पण कॅप्शनमध्ये सांगितलं नाही, तर बघणारा उरलेल्या पात्रातही बदल शोधत बसतो. नवशिक्यांनी दोघांनाही बदलावं. तुलना सरळ होते आणि चूक लगेच दिसते.

३. टॅगमध्ये ‘लिंगबदल’ लिहू का?

शक्यतो नको. वर्तमानपत्रांनी तो शब्द शस्त्रक्रियेला चिकटवला आहे आणि खऱ्या माणसांच्या खऱ्या आयुष्याशी तो जोडलेला आहे. ‘अदलाबदल’ पुरतो. इंग्रजी टॅग हवा तर ‘जेंडरस्वॅप’. ‘जेंडरबेंड’ आणि ‘रूल ६३’ हेही चालतात, पण पहिला काहींना खटकतो आणि दुसऱ्याखाली नको ती चित्रंही निघतात. जपानी लोक दोन वेगळे टॅग वापरतात: पुरुष पात्र बाई झालं तर ‘न्योताइका’, बाई पुरुष झाली तर ‘नांताइका’. भावंडांच्या चित्राला दोन्ही लागू शकतात.

४. सुरुवात कुठून करू? मी थेट डोळ्यांपासून करतो आणि मग सगळं बिघडतं.

डोळे सगळ्यात शेवटी. क्रम असा ठेवा.

आधी खुणांची यादी करा. प्रत्येक पात्राच्या पाच, आणि दोघांत समान अशा निदान दोन. तांजिरोच्या: कपाळाच्या डाव्या बाजूचा व्रण, पत्त्यासारखी लोंबणारी कानातली, हिरव्या-काळ्या चौकटींचा हाओरी (किमोनोवर घालायचा सैल अंगरखा), मागे वळवलेले तांबूस केस, कमरेची तलवार. नेझुकोच्या: तोंडातली बांबूची नळी, टोकाला केशरी होत जाणारे लांब काळे केस, गुलाबी किमोनो, लाल-पांढऱ्या चौकटींचा ओबी (कमरेचा पट्टा), वरचा गडद तपकिरी हाओरी. दोघांत समान: मोठे गोल डोळे आणि कपाळ उघडं ठेवणारी केसांची ठेवण. या खुणांना अदलाबदलीत हात लावायचा नाही.

मग उंची. दोघांना एकाच कागदावर, एकाच जमीनरेषेवर उभं करा. तांजिरो १६५ सेंटिमीटर आणि नेझुको १५३ सेंटिमीटर, हे अधिकृत आकडे आहेत. ए-फोर कागदावर डोकं २.८ सेंटिमीटर धरा. थोरलं भावंड सात डोक्यांचं, म्हणजे १९.६ सेंटिमीटर. त्याच प्रमाणात धाकटं १८.२ सेंटिमीटर, साडेसहा डोकी. मुलगी झाली म्हणून थोरलीला बुटकी करू नका. थोरलेपण उंचीतून दिसतं, ते तसंच राहू द्या.

त्यानंतर खांदे. या मापात मुलाचे खांदे पावणेदोन डोकी (४.९ सेंटिमीटर) आणि मुलीचे दीड डोकं (४.२ सेंटिमीटर) ठेवले की पुरे. दोन्ही बाजूंना मिळून फरक ७ मिलिमीटरचा. एवढाच! चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींत यापेक्षा जास्त फरक दाखवला की पात्र मोठं दिसू लागतं. मान मुलीची डोक्याच्या रुंदीच्या निम्मी, मुलाची दोन तृतीयांश.

आता दोन्ही आकृत्या काळ्या भरून टाका आणि कागद हातभर लांब धरा. नुसत्या सावलीवरून कोण कुठलं ते ओळखू आलं तर पुढे जा. नाही आलं तर चेहरा कितीही सुंदर काढा, उपयोग नाही.

५. चेहऱ्यात काय बदलायचं? पापण्या आणि ओठ?

त्याच दोन गोष्टींनी सगळे चेहरे एकसारखे होतात. लिपस्टिक लावलेला तांजिरो हा लिपस्टिक लावलेला तांजिरोच राहतो. या क्रमाने बदला: जबड्याचा कोन, हनुवटी, भुवईची जाडी, मग वरची पापणी. जबड्याचा कोन थोडा वर घ्या, हनुवटी एखादा मिलिमीटर अरुंद करा. भुवई बारीक करा, पण तिचा उतार बदलू नका. तांजिरोचा काळजीवाहू भाव त्या उतारात आहे. वरच्या पापणीला ०५ नंबरचं पेन (०.४५ मिलिमीटर), खालच्या पापणीला ००५ (०.२ मिलिमीटर). मुलाकडे येताना याच्या उलट: भुवई जाड, वरच्या पापणीच्या बाहेरच्या टोकाचं शेपूट काढून टाका, खालची पापणी जवळजवळ कोरी ठेवा.

बाहुलीचा आकार, डोळ्यांमधलं अंतर आणि डोळ्यांचा रंग यांना हात लावू नका. भावंडपण तिथं राहतं. ज्या पात्रांवर ही युक्ती चालतच नाही ती प्रश्न १२ मध्ये.

६. मुलगी केली की स्कर्ट द्यावाच लागतो का?

मुळीच नाही. आधी त्या मालिकेतल्या बायका काय घालतात ते बघा. ‘डेमन स्लेयर’मध्ये कानाओ आणि मित्सुरी स्कर्ट घालतात, पण शिनोबू पुरुषांसारखाच विजारीचा गणवेश घालते. म्हणजे मुलगी झालेल्या तांजिरोला विजार द्यायला मूळ मालिकेचीच परवानगी आहे म्हणा ना. तो दिवसभर डोंगर चढतो आणि कोळशाची टोपली वाहतो. त्याचं काम बदललेलं नाही, मग कपडे का बदलावेत?

एक बारीक गोष्ट मात्र बदलते. शर्टाची बटणं पुरुषाच्या उजव्या बाजूला असतात, बाईच्या डाव्या. शाळेचा गणवेश किंवा कोट काढताना हे बदललंत तर बारकाईने बघणारा खूश होतो.

७. मग किमोनोचंही तसंच? बाईचा आणि पुरुषाचा किमोनो उलट बाजूने बांधतात ना?

नाही! हीच चूक सगळ्यात जास्त वेळा होते. किमोनो बाईचा असो की पुरुषाचा, घालणाऱ्याची डावी बाजूच वर येते. बघणाऱ्याला ती तिरपी कड वरून उजवीकडून खाली डावीकडे आलेली दिसते. उजवी बाजू वर घेतात ती फक्त मृतदेहाला. शर्टाच्या नियमाने किमोनो उलटवलात तर धाकट्याला तिरडीवरच्या कपड्यात उभं केल्यासारखं होतं.

खरा फरक चार ठिकाणी असतो. ओबी: बाईचा रुंद, घडी घालून बांधल्यावर साधारण १५ सेंटिमीटर, छातीच्या खालून कमरेपर्यंत. पुरुषाचा साधारण ९ सेंटिमीटर, पोटाच्या खाली, मागे थोडा वर. प्रश्न ४ मधल्या मापात हे १.८ आणि १.१ सेंटिमीटर होतात, म्हणजे नेझुकोच्या ओबीवरच्या चौकटींच्या ओळीही कमी करायला लागतात. चौकट लहान करून ओळी तेवढ्याच ठेवल्या तर कापड दुसरंच वाटतं. गळा: बाईचा मागे ओढलेला, मान उघडी. पुरुषाचा मानेला चिकटून. कंबर: बाईच्या किमोनोला ओबीखाली दुमड असते, पुरुषाच्या नसते, तो सरळ पडतो. बाही: बाईच्या बाहीची अंगाकडची कड खांद्याखाली मोकळी, पुरुषाची अंगाला शिवलेली.

डिजिटल चित्र तपासायला आपण आडवं उलटवतो. परत सुलटं करायला विसरलात तर किमोनो पुन्हा मृताचा होतो, व्रण कपाळाच्या दुसऱ्या बाजूला जातो आणि ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधल्या एडवर्डचा लोखंडी हात डावा होतो. आरशातल्या सेल्फीवरून पोझ घेतानाही हाच घोळ होतो. सेव्ह करण्याआधी एका खुणेची बाजू तपासायची सवय लावा.

८. कपड्यावरची नक्षी बायकी-पुरुषी असते का? गुलाबी रंग मुलाला ठेवू का?

ठेवा, बिनधास्त. नेझुकोच्या किमोनोवरची नक्षी ‘आसानोहा’, म्हणजे हेम्पचं (भांगेच्या जातीच्या झाडाचं) पान. जपानात ती तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर पूर्वापार असते, मुलगा असो की मुलगी. तांजिरोच्या चौकटींना ‘इचिमात्सु’ म्हणतात, ते नाव अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी नटावरून पडलं. तो नट बायकांच्या भूमिकाही करायचा, त्यामुळे या चौकटी कुणाच्या अंगावर घालायच्या हा वाद तिथेच मिटला.

आसानोहा काढायची सोपी रीत: ६० अंशांच्या रेघांनी समभुज त्रिकोणांची जाळी काढा, मग प्रत्येक त्रिकोणाच्या मध्यापासून तिन्ही कोपऱ्यांना रेघ ओढा. बस. त्रिकोणाची बाजू ६ मिलिमीटर ठेवली तर ए-फोरवरच्या आकृतीला शोभते. जाळी सपाट काढून अंगावर चिकटवू नका, चुणीपाशी तोडा आणि थोडी सरकवा, नाहीतर पात्राने भिंतीचा कागद गुंडाळल्यासारखा दिसतो.

९. नेझुकोचा मुलगा केला. केस कापायचे का?

कापू नका. तैशो काळात (१९१२–१९२६) बहुतेक पुरुष केस आखूड ठेवायचे हे खरं, पण याच मालिकेत मुइचिरोचे केस लांब आहेत, टोकाला रंग बदलणारेही आहेत. आणि इनोसुके? देखणा, नाजूक चेहरा, खाली पैलवानाचं अंग. पुरुष कसा काढायचा याचे दोन नमुने मूळ चित्रांतच आहेत, ते आधी उतरवून बघा. केस कापले की केशरी टोकं जातात आणि पाचांतली एक खूण हरवते. फार तर केसांचं वजन खांद्यांवरून मागे घ्या आणि टोकं जरा राठ काढा.

१०. एडवर्ड मुलगी झाली तरी बुटकीच ठेवायची?

अर्थात. बुटकं म्हटलं की भडकणं हाच त्याचा स्वभाव. उंच केली तर विनोद मेला. एडवर्डची अडचण वेगळीकडे आहे. उजवा हात आणि डावा पाय लोखंडी आहेत. मुलीसाठी खांदे अरुंद करताना उजव्या खांद्याची धातूची बैठक लहान करायची नाही, ते यंत्र आहे. फक्त डावा खांदा आत घ्या. चित्र थोडं एका बाजूला जड दिसेल, तेच बरोबर. वेणी आणि लाल कोट तर मुळातच आहेत.

११. एडवर्डचा धाकटा भाऊ अल्फोन्स नुसतं चिलखत आहे. त्याची बहीण कशी काढायची?

चिलखताला छातीचे उभार ठोकू नका. अशी चित्रं बरीच दिसतात आणि ती चुकीची आहेत. ते चिलखत घरात आधीपासून उभं होतं, आत्मा नंतर बांधला गेला. आत मुलगी असली तरी पत्रा बदलायचं कारण नाही. मग बदल दाखवायचा कुठे? हाक आणि क्रियापदात (प्रश्न १६), किंवा जमिनीवरच्या सावलीत मूळ लहान मुलीची आकृती टाकून. तिसरा मार्ग अवघड पण सगळ्यात चांगला: दोघी बहिणी कुणाकडून तरी चिलखताबद्दल बोलणी खाताहेत आणि थोरली पुढे सरसावली आहे, एवढंच काढा. मांडणीच सांगून जाते.

१२. ‘नारुतो’मधल्या गाराला भुवयाच नाहीत आणि इताचीच्या पापण्या आधीच लांब आहेत. तुमची पद्धत इथे कशी चालणार?

चालत नाही. अशा वेळी चेहरा जवळजवळ तसाच ठेवा आणि मान, मनगट, उभं राहणं यांवर काम करा.

गारा, कांकुरो, तेमारी ही तिघं भावंडं चांगला सराव देतात. तेमारी थोरली, गारा धाकटा. बदलल्यावर थोरला भाऊ, मधली आणि धाकटी बहीण. गाराचे डोळ्यांभोवतीचे काळे कडे, कपाळावरचं अक्षर आणि पाठीवरचा भोपळा राहू द्या. भोपळा आकाराने कमी करू नका, लहान मुलीच्या पाठीवर तो आणखी अजस्र वाटला तर बरंच. कांकुरोचा चेहराच रंगवलेला आहे, तिथं रेघांचा आकार तोच ठेवा. तेमारीच्या चार शेंड्या मुलालाही शोभतात, फक्त बांधणी सैल करा.

इताचीच्या नाकाशेजारच्या दोन तिरक्या रेघा वय आणि थकवा सांगतात. मुलगी झाली म्हणून त्या गुळगुळीत केल्या तर इताची गेलाच. इथे खांद्यांचे ७ मिलिमीटर आणि मानेची जाडी एवढाच बदल ठेवा. ‘बदल दिसतच नाही’ अशी तक्रार आली तर येऊ द्या.

१३. जुळ्यांपैकी एकालाच बदललं तर चालेल?

चित्रात सगळं चालतं, पण एक गोष्ट मोडते. ‘ओरान हायस्कूल होस्ट क्लब’मधल्या हिकारू आणि काओरू या जुळ्यांची सगळी गंमत ते आरशासारखे दिसण्यात आहे. एकाला मुलगी केलं की ते एकबीज जुळे राहत नाहीत, साधी भाऊ-बहीण जुळी होतात आणि ‘ओळखा पाहू कोण’ हा खेळ संपतो. दोघांनाही बदला, आणि भांग एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना पडतो ते विसरू नका.

१४. ‘हंटर हंटर’मधली अलुका बदलून मुलगा करायची का?

आम्ही करत नाही. घरातले बरेच जण अलुकाला मुलगा म्हणतात, पण तिचा भाऊ किलुआ तिला बहीण मानतो. तिला मुलगा करून काढणं म्हणजे तिला कोंडून ठेवणाऱ्या घराचं म्हणणं खरं करणं होईल. या झोल्डिक घरातल्या भावंडांचा पूर्ण संच काढायचा असेल तर किलुआला बहीण करा आणि अलुकाला आहे तशी राहू द्या. त्यांचा भाऊ कालुतो मात्र किमोनोतला मुलगा आहे. त्याला बदललं तर दिसण्यात फरक जवळजवळ शून्य, म्हणून वेगळी पोझ शोधा.

१५. ‘वन पीस’मधले लुफी, एस, साबो हे सख्खे नाहीत. त्यांना भावंडांत धरायचं?

धरायचं. फक्त चेहऱ्यात सारखेपणा आणू नका. त्यांचं नातं एकत्र साकेचे पेले पिऊन जोडलेलं आहे, रक्ताने नाही.

१६. नावं बदलायची का? आणि मराठी संवाद लिहिताना ‘ओनीचान’चं काय करायचं?

जपानी नावांच्या शेवटाकडे बघा. ‘रो’ आणि ‘सुके’ हे पुरुषी शेवट, ‘को’ बायकी. म्हणून तांजिरोची तांजिको सहज होते आणि नेझुकोचा नेझुरो किंवा नेझुओ. इताचीचा अर्थ मुंगसासारखा एक प्राणी, त्याला बदलायची गरज नाही. हिकारू, काओरू ही नावं मुलामुलींना दोघांनाही ठेवतात, आपल्याकडच्या किरणसारखी.

हाका मारण्यात मराठी आणि जपानी अगदी जुळतात. दोन्हींकडे थोरल्याला नावाने हाक नसते. ‘ओनीचान’ म्हणजे दादा, ‘ओनेचान’ म्हणजे ताई. घरात कानडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या सोलापूरकरांनी सरळ अण्णा आणि अक्का लिहावं, कानाला जास्त गोड लागतं. धाकट्याला मात्र नावानेच हाक.

जपानीत पुरुष ‘मी’ला ‘ओरे’ किंवा ‘बोकू’ म्हणतो. एडवर्ड दांडगेपणाने ‘ओरे’, अल्फोन्स सौम्यपणे ‘बोकू’. मराठीत ‘मी’ एकच, पण क्रियापद लिंग सांगतं: ‘मी जातो’, ‘मी जाते’. मुलगी झालेल्या एडवर्डचा दांडगेपणा आणायचा असेल तर तिला कोल्हापूरकडच्या मुलींसारखं ‘मी जातो’ म्हणू द्या. एका अक्षरात काम होतं.

१७. सोलापुरी वेशात काढायचं आहे. काय द्यावं?

बाराबंदी आणि इरकल, दुसरं शोधायला नको. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज (उंच, सजवलेल्या काठ्या) धरणारे पांढरी बाराबंदी घालतात. बंदांनी बांधायचा हा अंगरखा काढताना बंदांच्या गाठी मोजून काढा, नाहीतर साधा कुडता वाटतो. पांढऱ्यावर पांढरं उठत नाही म्हणून सावलीला फिका निळा-राखाडी वापरा, काळा नको.

मुलगी झालेल्या तांजिरोला चौकड्याचं इरकली लुगडं सुंदर दिसतं. पण इरकलीच्या चौकडी बारीक रेघांच्या असतात आणि इचिमात्सु भरलेल्या चौकोनांची. दोन्ही एकत्र केलीत तर धड हे नाही, धड ते नाही. अंगाला हिरवा-काळा बारीक चौकडा आणि पदर लाल, असं केलं तर हाओरीची आठवण राहते. कापड प्रत्यक्ष बघायचं असेल तर चाटी गल्लीत जा. फोटोत पदराचं विणकाम कळत नाही.

यात्रेचा वेश जरूर घ्या. नंदीध्वज आणि अक्षता सोहळा यांची थट्टा होईल असं काही काढू नका.

१८. मे महिन्यात मार्करचे पट्टे पडतात, वॉटरकलर मिसळायच्या आत वाळतो. माझं चुकतंय का?

तुमचं नाही, उन्हाचं. पारा ४० च्या वर गेला आणि हवा कोरडी असली की रंगाची ओली कड टिकत नाही. अल्कोहोल मार्करमध्ये दोन छटा मिसळतात त्या ओल्या कडेवरच. सकाळी सातच्या आत बसा, डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, एका वेळी तळहाताच्या निम्म्याहून मोठा भाग घेऊ नका. नेझुकोच्या केसांत काळ्याकडून केशरीकडे जाताना आधी केशरी लावा, मग काळा. मार्कर आडवे ठेवा, गाडीच्या डिकीत कधीच नको.

वॉटरकलरसाठी ३०० जीएसएमचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवा, पाण्याने भिजवा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. वाटीभर पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकले तर रंग सावकाश वाळतो. जास्त टाकाल तर चित्र आठवडाभर चिकट राहील आणि त्यावर धूळ बसेल.

१९. मोबाइलवर काढलेलं चित्र छापल्यावर गुलाबी मळकट का येतो?

पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. झगझगीत गुलाबी शाईत येतच नाही. डोळ्यांना आराम देणारा पिवळा मोड बंद ठेवून रंग निवडा. उन्हात तापलेला फोन उजेड आपोआप कमी करतो, तेव्हाही रंग निवडू नका. फाइल ए-फोरला ३०० डीपीआयवर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. कडेपर्यंत रंग असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर वाढवून २५५१ गुणिले ३५७९. नवी पेठेत छापायला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि आसानोहाच्या रेघा फुटतात. आधी गुलाबीच्या तीन छटांचा छोटा तुकडा छापून बघा.

२०. ॲपमधल्या फिल्टरने एका मिनिटात होतं की. एवढी मेहनत कशाला?

फिल्टर जबडा गुळगुळीत करतो, ओठ रंगवतो आणि व्रण डाग समजून पुसतो. दोन भावंडांना तो वेगवेगळं धरतो, म्हणून सारखेपणा जातो. पोझसाठी घाईत कल्पना हवी असेल तर ठीक.

२१. प्रिंट काढून विकू का?

घरी काढणं, सराव करणं, मित्राला देणं यात सहसा अडचण येत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ खाजगी वापराला सूट देतो. विक्रीला ती लागू होत नाही. पात्र मूळ लेखकाचं आणि प्रकाशकाचं आहे, मुलगी केल्याने ते तुमचं होत नाही. जपानात कॉमिकेटसारख्या मेळ्यात १९७५ पासून चाहते आपापली पुस्तकं विकत आले आहेत, पण ती तिथली चालवून घेण्याची रीत आहे, हक्क नव्हे. विकायचंच असेल तर हीच कसरत तुमच्या स्वतःच्या पात्रांवर करा.

२२. थोडं अंगप्रदर्शन चालतं का?

या पात्रांचं नाही. तांजिरो पंधराचा, नेझुको चौदाची. बदलल्यावर वय वाढत नाही. मुलांचं अश्लील चित्रण तयार करून पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. आणि ही भावंडं आहेत, त्यांची प्रेमजोडी करून पाठवू नका. आम्ही ती बघत नाही.

२३. घरचे विचारतात, हे काय खूळ? काय सांगू?

बालगंधर्वांचं (१८८८–१९६७) नाव सांगा. पुरुषाने बाईची भूमिका अशी केली, की महाराष्ट्र वेडा झाला. आजीला लगेच पटतं, आईला जरा वेळ लागतो.

२४. राखीपौर्णिमेचं चित्र काढतोय. अदलाबदल केल्यावर राखी कोण कोणाला बांधणार?

दोघांनाही बदललं असेल तर तांजिको बांधणार, नेझुरो बांधून घेणार. राखी उजव्या मनगटावर. नेझुरोच्या किमोनोची बाही कोपरापर्यंत मागे सारा, नाहीतर राखी झाकली जाते. दोघी बहिणी केल्या असतील तर एकमेकींना बांधू द्या, बऱ्याच घरांत तसं करतातच. पाट, ताम्हण, निरांजन, अक्षता एवढं पुरे, ताटाची गर्दी करू नका. पेढा मात्र भरवू नका, भावाच्या तोंडात बांबू आहे. तो त्याच्या हातात द्या.